गौरीचे हात

माझ्या आत्येइतका फुलांचा कैवार घेणारं माणूस साऱ्या रत्नागिरीत झालं नसेल, आणि भरल्या घरात तिचा अपमान करणाराही माझ्याखेरीज कुणी झाला नसेल.

तिला पालीला दिली होती. नवरा मुंबईला गिरणीत, घरात भांडायला कुणी नाही. म्हणून ती फुलांच्या वतीनं जगाशी भांडे. वास नाही म्हणून अबोली, हे तिला पटत नसे. "मुकी म्हणायच्या आधी तिच्याशी कोण बोललाय काय?" असं म्हणून रोज पाणी घालताना ती अबोलीला घरच्या बातम्या सांगे. शेजारच्या जास्वंदीला कळू नये म्हणून आवाज मात्र बारीक. "तिच्या पोटात काय राहत नाय!"

पण तिचा खरा जीव कळलावीवर. पावसाळ्यात सड्यावर, गावाबाहेरच्या कातळमाळावर फुलणारं ते लाल-पिवळं, बोटं पसरल्यासारखं फूल घरात आणलं की भांडणं लागतात, असं आमच्याकडे मानत. आत्या भडके. "अडलेल्या बायकांच्या कळा सुरू व्हाव्यात म्हणून सुईणी हिचा कंद उगाळून लावायच्या, म्हणून ती कळलावी. तू असाच आलास मेल्या, आणि तिलाच नावं ठेवतोस?" गौरीपुरती मात्र सगळ्यांची भीती जाई. तेरड्याच्या रोपांची गौर सजली की तिला हात लावायचे ते याच फुलांचे. ते आणायचा मान आत्येचा. ती पालीहून चालत येई, पदरात फुलं झाकून, जणू तान्हं मूल आणते आहे.

माझ्या बायकोच्या पहिल्या ओवशाला, नव्या सुनेनं गौरीपुढे सूप ओवाळायच्या दिवशी, आईनं सुनेच्या माहेरचं सूप जुनं म्हणून नाक मुरडलं. बायको रडू लागली. आत्या म्हणाली, "वयनी, सूप जुनं म्हणून गौर उपाशी जाते काय?" त्यावर आई पेटली. आईला बोलायची माझी छाती नव्हती, बायकोला समजवायची अक्कल नव्हती. मी आत्येवर ओरडलो, "तूच कळलावी! आणतेस ती फुलंही तुझ्यासारखीच!"

आत्येनं गौरीचे हात नीट बसवले आणि न जेवता गेली.

त्यानंतर ती आली नाही. दर भाद्रपदात आई गौरीला बांगड्या घाली आणि त्या खाली घसरत. माझ्या बायकोनं एकदा त्या उचलल्या आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

यंदा मी स्वतः सड्यावर गेलो, फुलं काढली आणि सर्व्हिस मोटारीनं पाली गाठली. आत्या अबोलीशी बोलत होती. केस पांढरे झालेले. तिनं माझ्या हातातली फुलं पाहिली आणि म्हणाली, "कंदासकट उपटलंस? शिकलास तो कशाला? पुढच्या वर्षी काय फुलेल तिथं?"

मी तिच्या पायाशी बसलो.

"आत्ये, त्या दिवशी घरात कळ लावली ती मी. तुझ्या फुलांनी नाही. माझं चुकलं गं. आमच्या गौरीला हात नाहीत."