मागे धरलेला हात

पौर्णिमेला डोंगरावर नेणाऱ्या एका ग्रुपबरोबर मी गेले होते. पायथ्याशीच वाटाड्या म्हणाला, "बॅटऱ्या बंद करा. डोळ्यांना जरा वेळ द्या, सगळं दिसेल."

खरंच दिसू लागलं. पायवाट दिसली, कारवीची पानं दिसली आणि माझ्या पुढे चालणारे साठीचे एक गृहस्थ दिसले. एकटेच आले होते. उंच दगड आला की ते आधी चढत आणि मागे न बघताच हात मागे धरत. क्षणभर थांबत, मग हात खाली घेऊन चालू लागत. तो हात माझ्यासाठी नाही, हे मला दुसऱ्या दगडाशी कळलं.

माणूस गेल्याचं आपण साऱ्या गावाला कळवतो. हाताला कळवायचं तेवढं राहून जातं.

माथ्याजवळ माझा पाय सरकला आणि मी तो हात धरला. "सावकाश गं," म्हणत त्यांनी मला वर घेतलं. मग वळून पाहिलं. चांदणं स्वच्छ होतं.

"माफ करा," ते म्हणाले.

उतरताना त्यांचे दोन्ही हात खिशात होते.