पलीकडे नोंदवलेले सातजण

आमचं गाव म्हणजे टेकडी आणि ओढा यांच्या मधली चिंचोळी पट्टी, तिच्यावर बेचाळीस घरं. सरहद्दीचे पांढरे दगड ओढ्याच्या काठाने शहाण्यासारखे येतात आणि नेमके आमच्या घरापाशी वाकडे होतात. आमचं पुढचं दार इकडच्या देशात उघडतं, स्वयंपाकघराचं मागचं दार तिकडच्या.

मोठे काका शाळामास्तर, म्हणून दर दहा वर्षांनी माणसं मोजायचं काम त्यांच्याकडे. काटेकोर माणूस. गावाला त्याचं भारी कौतुक होतं, आम्हाला नव्हतं. बांधावरून बाबांशी वाजल्यापासून आठ वर्षं त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. बाबाही काही कमी नव्हते. "तो बोलला तर बोलेन," म्हणायचे आणि पेपरात तोंड खुपसायचे.

त्या मोजणीआधी वरून आदेश आला, की दोनशेपेक्षा कमी माणसं भरली तर गावचा दवाखाना बंद. म्हणजे नर्सबाई जाणार आणि ऑक्सिजनची टाकीही जाणार. त्या टाकीवर गावात सगळ्यांत जास्त हक्क काकूचा, कारण तिला दमा होता. काकांनी एक्केचाळीस घरं मोजली, माणसं भरली एकशे चौऱ्याण्णव. आम्ही सातजण धरले की दवाखाना वाचत होता.

सरहद्दीवरच्या घराला विचारायचं, तुम्हाला कुठे धरू, आणि उत्तर नाही आलं तर पलीकडे धरायचं, असा नियम. काका आले आणि रस्त्यावरच उभे राहिले. बाबा दारात खुर्ची टाकून बसलेले. दोघांनीही तोंड उघडलं नाही. मी खिडकीत होते, चांगली वीस वर्षांची घोडी. 'काका, आम्ही इकडचेच,' एवढंच म्हणायचं होतं. पण मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही, हे आमच्याकडून घोटून घेतलेलं. त्या वळणाचा मला आजही संताप येतो.

काकांनी लिहिलं, 'उत्तर नाही. घर पलीकडचे धरले.' नावं विचारायची त्यांना गरज नव्हती. माझं तर त्यांनीच ठेवलेलं.

तीन महिन्यांत दवाखान्याला कुलूप लागलं. आम्हाला मात्र त्या नोंदीमुळे मागच्या दाराने पलीकडे जायची मुभा मिळाली, सातजणांना, नावानिशी.

पुढच्या थंडीत एका दुपारी काकूला श्वास घेता येईना. आपल्या बाजूचं इस्पितळ चार तासांवर, पलीकडचा डॉक्टर आमच्या मागच्या दारापासून हाकेवर. काका तिला पाठीवर घेऊन सरळ आमच्या घरात शिरले. बाबांनी धावत जाऊन मागची कडी काढली.

बाहेर पलीकडचा पहारेकरी होता. त्याने खिशातली यादी काढून सावकाश वाचली.

"या बाईंचं नाव यात नाही."

"अहो, ती यादी मीच केलीये," काका म्हणाले.

"मग तुम्हाला माहीतच असेल."

त्याने वरिष्ठांना फोन लावला, तिकडून कुणी उचलेना. काका त्याच्या पाया पडले. त्याने पुन्हा फोन लावला. तोवर काकू आमच्या स्वयंपाकघरात, माझ्या मांडीवर गेली.

संध्याकाळी तिला बाहेर काढताना डोक्याकडून काकांनी धरलं, पायांकडून बाबांनी. दार अरुंद, तिरकं करून न्यावं लागत होतं. एकाने 'जरा डावीकडे' म्हटलं असतं तर सोपं झालं असतं. तेवढंही दोघे एकमेकांशी बोलले नाहीत.