बारा उघडे, बारा कुलपात

स्वतःच्या मनावर इतका कमी विश्वास ठेवणारा हुशार माणूस मी दुसरा पाहिला नाही. बोईसरला मी ज्या ठरलेल्या घरांना मासळी देते, त्यांतलं सरांचं घर सगळ्यात जुनं. ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, खाडीतल्या जीवांवर इंग्रजीत लेख लिहायचे, पण दोन पापलेटांतलं एक निवडायची वेळ आली की हात मागे घ्यायचे. "निवडलं की माणूस फसतो, ताई. आपल्याला जे हवं असतं तेच चांगलं दिसायला लागतं." मग मी एक पापलेट उजव्या हातात, एक डाव्या हातात असं पाठीमागे धरायचं आणि त्यांनी हात सांगायचा. मी बाजारात ओरडून विकू शकत नाही, लाज वाटते, म्हणून तर घरोघरी जाते. आणि इथे दारात हात मागे धरून शिक्षा झालेल्या मुलीसारखी उभी! समोरच्या बिऱ्हाडातले लोक दार उघडून बघायचे. एकदा दोन्ही पापलेटं अगदी सारखी होती, तसं मी सांगितलंही. "असू द्या," सर म्हणाले, "सवय मोडायला नको." आणि विचार करून डावा हात सांगितला.

पापलेटाचं काय घेऊन बसलात, त्यांचं सगळंच चिठ्ठीवर चालायचं. स्टेशनावरून घरी यायला दोन रस्ते, तर कुठल्या रस्त्याला कमी वेळ लागतो हे पाहायला खिशात चिठ्ठ्या. रिक्षावाले लांबूनच विचारायचे, "सर, आज कौनसा रास्ता निकला?" पाहुण्यांच्या चहात कधी आलं, कधी नाही, तेही चिठ्ठीनं ठरवून, आणि पाहुणा किती वेळ बसला ते वहीत. माझ्या सुक्या बोंबलांचे दोन वाटे करून एक डब्यात ठेवला, एक कापडात बांधला आणि दोन महिने रोज दोघांचा वास घेतला. मी घरी, आमच्या मुरबे गावात, हे सांगितलं की माझी जाऊ हसून हसून खाली बसायची. "तुज्या सरांनी लग्नाला पण चिठ्ठीच काडली असंल!" ती म्हणायची. मला राग यायचा. कारण मॅडमना मी पाहिलं होतं.

मॅडम सरांसारख्याच शिकलेल्या. मुरब्याच्या खाडीत आम्ही शिवल्या वेचायला जायचो, तेव्हा त्या साडी खोचून आमच्यात बसायच्या, शिंपला हातात धरून पेन्सिलीनं त्याचं चित्र काढायच्या. शिवली लहान असली तर परत चिखलात टाकायची, हे आमचं बघून त्यांनी लिहून घेतलं. त्यावर त्यांनी आणि सरांनी मिळून एक लेख लिहिला. मॅडमचा तो एकच लेख. तो छापून आला आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

सरांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं, की लेख लिहिणाऱ्यानं दुसऱ्याच्या लेखातून काही घेतलं तर खाली त्याचं नाव लिहायचं असतं. त्याला उल्लेख म्हणतात. मी म्हटलं, "म्हंजी कालवण कुणाच्या हातचं ते सांगायचं." सर म्हणाले, "तेवढंच. पण त्या एवढ्याशा नावासाठी माणसं जन्म घालवतात." मॅडमच्या लेखाचा उल्लेख इतक्या वर्षांत जगात कुणी म्हणजे कुणीच केला नव्हता. कारण विचारलं तर म्हणाले, लेख कुलपात आहे. पैसे भरले तर मासिकवाले उघडून देतात. सरांच्या कॉलेजानं पैसे भरणं बंद केलं, तेव्हापासून सरांना स्वतःचाच लेख तिथे उघडत नव्हता! मला हे खरंच वाटेना. आपण वाळत घातलेले बोंबील बघायला आपल्यालाच तिकीट?

एका सकाळी मी गेले तर त्यांच्याकडे कॉलेजातले दुसरे सर आलेले आणि लेख कुलपात असल्यामुळेच त्याचे उल्लेख होत नाहीत का, यावर वाद रंगलेला. दुसरे सर म्हणत होते, "अहो, लेख चांगला असला की लोक शोधून वाचतात. उघड्या लेखांचे उल्लेख जास्त होतात, कारण माणसं आपले चांगले लेखच उघडे ठेवतात." मला वाटलं आता सर चिडणार. ते तर उठून उभे राहिले, डोळे चमकायला लागले. "बरोबर! म्हणून निवडायचंच नाही!"

छापण्याआधीची आपली प्रत इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळी ठेवायची लेखकाला परवानगी असते, ती त्यांनी तोवर वापरली नव्हती. त्यांचे जुने लेख चोवीस. चोवीस चिठ्ठ्या पातेल्यात टाकल्या. पहिले निघतील ते बारा उघडायचे, उरलेले दोन वर्षं कुलपात, आणि मग मोजायचं. चिठ्ठ्या मी काढायच्या. "मी का, सर? मी चौथी शिकलेली."

"म्हणूनच. यातला कुठलाही लेख तुमचा लाडका नाही."

मी हात धुऊन बसले. एकेक चिठ्ठी निघे, सर नाव वाचून लिहीत. आठ झाल्या, नऊ झाल्या. मला कळत होतं सर कुठल्या नावाची वाट बघतायत. दहा. अकरा. बारावी उघडली आणि त्यांनी ती दोनदा वाचली. मॅडमचा लेख पातेल्यातच राहिला.

"सर, आनखी एक काडते," मी म्हटलं. "कुणाला कळनार हाय?"

"मला," सर म्हणाले. पातेलं उचलून त्यांनी स्वतःच ओट्यावर नेऊन ठेवलं. माझ्याकडे पाठ होती, तरी मी मान खाली घातली. देवासमोर उभं राहिल्यावर वाटतं तसं वाटलं. हा माणूस मनात आणता तर एक बोट हलवून बायकोचं नाव जगापुढे ठेवता.

दोन वर्षांनी मोजणी झाली. उघडे लेख वाचणारे पुष्कळ वाढले होते. उल्लेख मात्र थोडेच जास्त, इतके थोडे की ते चिठ्ठीच्या नशिबानंही झाले असतील. दुसरे सर म्हणाले, "आता एवढं केलंच आहे तर जरा ठासून लिहा ना!" सरांनी जेवढं होतं तेवढंच लिहिलं. आणि मोजणी संपली त्याच दिवशी उरलेले बारा लेखही उघडे केले.

मी पुढच्या वेळी गेले तेव्हा ते मोबाईल घेऊन बसलेले. लेख किती जणांनी उघडला, तो आकडा तिथे दिसतो. मॅडमच्या लेखापुढे एक.

"कोण, सर?"

"मीच. उघडतो का ते पाहायला." हसले, पण त्या दिवशी त्यांनी उजवा-डावा न सांगताच पापलेट घेतलं.

घरी येऊन मी जावेला म्हटलं, मॅडमचं नाव आणि मुरबे असं टाकून बघ. तिच्या मोबाईलवर लेख लगेच उघडला. पैसे नाहीत, कुणाची परवानगी नाही. अक्षरं आम्हाला कळली नाहीत, पण तिसऱ्या पानावर पेन्सिलीनं काढलेली शिवली होती, शिंपल्यावरची रेघ न् रेघ. जावेनं डोक्यावर पदर घेतला. "अगं, ही तं आपल्या खाडीतलीच हाय," ती म्हणाली, आणि त्यानंतर सरांवर कधी हसली नाही.

दोन दिवसांनी सरांनी मला डोक्यावरची मासळीची पाटीही खाली ठेवू दिली नाही. "ताई, दोन झाले! कोण असेल हो? आफ्रिकेतला असेल? तिकडेही अशा खाड्या आहेत." मला सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण त्यांचा चेहरा बघून एवढंच म्हटलं, "आसंल कुनीतरी किनाऱ्यावरचा."

"नक्कीच किनाऱ्यावरचा," सर म्हणाले. "नाहीतर इतकं कोण बघतं!"

आता सर मुलीकडे नागपूरला राहतात. मॅडमच्या लेखाचा उल्लेख कुणी केला का, ते मला ठाऊक नाही. असं नाव कुठे बघायचं असतं, तेच मला माहीत नाही. जावेला मी अधूनमधून लेख उघडायला सांगते आणि आम्ही दोघी शिवलीचं चित्र बघतो. रोज नाही उघडत. रोज उघडला तर सरांना शंका येईल.