मावशी कोट घालून बसली

माझ्या सासूबाई पोलंडच्या. महायुद्धात कोल्हापूरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत आल्या आणि आमच्या फौजी सासऱ्यांशी लग्न करून साताऱ्याच्याच झाल्या. मी कवठे महांकाळहून सून म्हणून आले, तेव्हा त्यांची बोली माझ्याहून गावरान होती.

सत्तर सालानंतरच्या एका हिवाळ्यात त्यांची थोरली बहीण आमच्याकडे आली. युद्धानंतर दोघी पहिल्यांदाच भेटत होत्या. मावशी हसायची, पण रस्त्यावर रिक्षा थांबली की तिच्या हातातला घास तिथंच थांबायचा.

एका सकाळी हवालदार आला. परदेशी पाहुण्यांची नोंद करावी लागे. त्याला पडवीत बसवून मी मावशीला बोलवायला आत गेले. ती खाटेच्या कडेला बसली होती. अंगात लोकरीचा कोट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पायात बूट, मांडीवर पिशवी. चेहरा पांढराफटक.

"आत्याबाई!" मी ओरडून सासूबाईंना हाक मारली.

सासूबाई पिठाच्या हातांनीच धावत आल्या. त्यांच्या भाषेत तिच्याशी बोलल्या, मग माझ्याकडं वळल्या. "तिला वाटलं, घर खाली कराया आल्यात."

"पण ती तर पाहुणी आहे!"

"भ्यालेल्या मानसाला कुठलं कळतंय, पोरी."

हवालदार दारातूनच म्हणाला, "आवं मावशी, घाबरू नगा. नुसतं नाव लिवायचं हाय." नाव लिहून, चहा पिऊन तो गेला. मावशीनं कोट काढला नाही.

दुपारी भाकऱ्या थापताना सासूबाईंनी सांगितलं. युद्धानंतर त्यांचं गाव रशियात गेलं. मावशी, तिचा नवरा, तान्हं पोर आणि एक गाय, सगळ्यांना मालगाडीत घालून दूर पश्चिमेला, जर्मनीकडून पोलंडला मिळालेल्या मुलखात उतरवलं. तिथं राहायला एका जर्मन बाईचं घर दिलं. ती बाई अजून घरातच होती. अख्खा हिवाळा दोघींनी एका चुलीवर रांधलं. मग एका सकाळी शिपाई आले आणि ती बाई हातात मावेल तेवढं घेऊन निघाली. तेव्हापासून मावशीला वाटे, आज ना उद्या आपलीही पाळी. आणि गेल्या उन्हाळ्यात तीच जर्मन बाई, म्हातारी झालेली, पुन्हा दारात उभी राहिली.

"घर मागायला?"

"न्हाई गं. बघाया. चुलीम्होरं बसून लय रडली म्हनं."

त्यानंतर दारावर थाप पडली की मीही आधी खिडकीतून बघून घेऊ लागले.

मावशी निघायच्या आधी सासूबाईंनी तिला खूप विनवलं. इथंच राहा, इथं तुला कुणी हलवणार नाही. मावशी नाही म्हणाली. ती जर्मन बाई पुढच्या उन्हाळ्यात परत येणार होती, तिला दार उघडायला कुणीतरी घरात हवं.

स्टँडवर पुण्याची गाडी हलली तरी सासूबाई खिडकीची दांडी सोडेनात. कंडक्टरनं दोनदा दटावलं.

पुढं सगळा उन्हाळा त्या पोस्टमनची वाट बघत राहिल्या. पत्र आलं ते पावसाळ्यात. जर्मन बाई आली होती, आठवडाभर राहिली. दोघींनी मिळून स्वयंपाक केला. पण आठवडाभर मावशीचा डोळा लागला नव्हता; ती बाई गेली, त्या रात्रीच तिला जरा झोप लागली.