आज सैपाक सूर्याकडे

छापलेलं सगळं खरं असतं, अशी आमच्या सासऱ्यांची ठाम समजूत आहे. अकोल्यात सौरऊर्जेचा मेळावा भरला आणि ‘डाळ-तांदूळ घेऊन या, उन्हावर शिजवून न्या’ असं पत्रक घरी आलं. लगेच सासूबाईंना हुकूम सुटला, “उद्या गॅस पेटवू नको. सैपाक सूर्य करीन.”

सासूबाईंनी ते फार मनावर घेतलं. मे महिन्यात जठारपेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरात उभं राहणं ही शिक्षाच आहे, आणि लग्न झाल्यापासून त्या ती भोगताहेत. वर मीठ जरा कमी पडलं की सासरे ताट सरकवून मोकळे. एक दिवस सुटका म्हणून बाईंनी ठेवणीतलं पातळ काढलं.

मैदानावर जाऊन बघतो तर काय, लोकांना ऊन लागू नये म्हणून सगळीकडे हिरवी जाळी ताणलेली! सौर पंखे चक्क विजेच्या वायरवर फिरत होते. सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं डाळ, तांदूळ, पाणी घालून डबा सौरचुलीच्या पेटीत ठेवला. तासाभरानं उघडला तर सगळं गार. त्यांनी जाळीचं टोक सोडायला घेतलं, तशी खुर्च्यांवरची मंडळी खवळली. “ओ काका, काहून मारून राहिले आमाले?”

मग पेटीच बाहेर नेली. स्टॉलवाला म्हणाला, “सूर्य सरकला की आरसा फिरवा लागते. कोनीतरी जवळ बसा.”

सासऱ्यांनी सवयीनं सासूबाईंकडे पाहिलं. आता या उठणार, म्हणून मी मनातल्या मनात चरफडले. पण त्या जाळीखालच्या कूलरसमोरून हलल्या नाहीत.

“मी आज पाव्हनी हावो,” त्या म्हणाल्या. “तुमी अन् तुमचा सूर्य पाहा.”

मला टाळी वाजवावीशी वाटली. सासरे डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून उन्हात बसले. येणारे-जाणारे विचारत, “काय विकून राहिले, काका?” ते चिडले, घामाघूम झाले, आरसा भलतीकडे फिरवून त्यांनी एका पोलिसाचे डोळे दिपवले. पण उठले नाहीत.

दुपार कलता कलता खिचडी झाली. त्यांनी स्वतः वाढून द्रोण सासूबाईंच्या हातात दिला. मी माझ्या द्रोणातला घास घेतला. मीठ घातलंच नव्हतं!

“मीठ बरोबर हाये ना?” सासऱ्यांनी भीत भीत विचारलं.

सासूबाई सावकाश जेवत होत्या. त्यांनी रिकामा द्रोण पुढे केला.

“बरोबर हाये. अजून वाढा.”