साडेदहाचा डबा

साडेदहा वाजत आले की माझं डोकं फिरायला लागायचं. घड्याळ बघायची गरजच नव्हती. वॉकीटॉकीवर वरून ‘हो, घेतो’ असं उत्तर यायचं आणि त्या उत्तरामागे मोबाईलची शिट्टी वाजत असायची, दोनदा लांब, एकदा तोकडी. म्हणजे आमच्या काडीची दिवसातली तिसरी खाण्याची वेळ झाली. खाली काँक्रीटची गाडी ताटकळत असो, गवंडी हातावर हात ठेवून बसलेले असोत, नाहीतर खुद्द साहेब मान वर करून बघत असोत, जमिनीपासून चाळीस मीटरवर क्रेनच्या केबिनमध्ये आमचा गडी अंडी खाणार म्हणजे खाणार.

काडी हे काही त्याचं खरं नाव नाही. अकरा वर्षांपूर्वी, या वसाहतीची पहिली इमारत उठत असताना, तो क्रेन चालवायला आला तेव्हा इतका हडकुळा होता की पहिल्याच दिवशी कुणीतरी त्याला काडीपैलवान म्हणालं. पुढे हाका मारायच्या घाईत त्यातला पैलवान गळून पडला. आता त्याचे दंड माझ्या पोटरीपेक्षा जाड झालेत, शर्टाच्या बाह्या उसवतात, तरी तो काडीच राहिलाय.

मी सिग्नलवाला. क्रेनवाल्याला वरून सगळं दिसतं असं लोकांना वाटतं. काही दिसत नाही. भिंतीच्या पलीकडे, मजल्याच्या आत, परांचीच्या मागे माल उतरवायचा तर तो आंधळाच असतो, आणि त्याचे डोळे म्हणजे मी. आमच्या कामाची एक रीत आहे. हूक खाली न्यायचा असेल तर मी वॉकीवर एकसारखा ‘खाली, खाली, खाली’ म्हणत राहतो. माझा आवाज चालू तोवर हूक चालू. आवाज थांबला की हूक जागच्या जागी थांबला पाहिजे, मग मी मुद्दाम थांबलो असेन, मला ठसका लागला असेल नाहीतर वॉकीची बॅटरी संपली असेल. ‘थांब’ म्हणायची वाट बघायची नाही. अकरा वर्षांत आमच्या हातून एक वीटही चुकीच्या जागी पडली नव्हती. हे मी कुणालाही छाती ठोकून सांगायचो.

आणि मग हे खूळ आलं. दोन वर्षांपूर्वी एके दिवशी तो व्यायामशाळेत गेला आणि तिथलाच झाला. तिथे एक कोच होता. त्याने सांगितलं, भात बंद, ब्रेड बंद, बटाटा बंद, साखरेकडे बघायचंही नाही. इथवर माझं काही म्हणणं नव्हतं, ज्याचं पोट त्याचं. पण कोच पुढे म्हणाला की दर अडीच तासांनी खायचं. पहाटे साडेपाच, आठ, साडेदहा, एक, साडेतीन, सहा आणि रात्री साडेआठ. सात वेळा. एक वेळ चुकली तर अंगावरचं मांस अंगच खाऊन टाकतं, म्हणे!

“असं कसं खाईल?” मी विचारलं.

“दादा, तुम्हाला नाही कळायचं,” काडी म्हणाला. “शरीराला इंधन मिळालं नाही की ते दंडावरचं ओढून घेतं.”

“मग मी पन्नास वर्षं तीनदा जेवतोय, माझे दंड कुणी ओढून नेले?”

त्याने माझ्या दंडांकडे बघितलं आणि नजर वळवली. तेवढा मान त्याने ठेवला.

सातातले चार डबे कामाच्या वेळात यायचे. आमच्याकडे दिवसाची पहिली खेप क्रेनवाल्याच्या पिशवीची असते. नियमात बसत नाही, पण शिडीच्या एकशे ऐंशी पायऱ्या पाठीवर ओझं घेऊन कोण चढणार? तो वर पोचला की हूक खाली यायचा, मी पिशवी अडकवायचो. चार डबे, सगळे सारखेच. अंडी, कोंबडीचे तुकडे, काकडी, मूठभर शेंगदाणे. माझी स्वतःची बायको माझा एक डबा भरताना चार शब्द ऐकवते. काडीची बायको, आमची वहिनी, पहाटे उठून चौदा अंडी उकडायची.

“भाऊजी, माझ्या हातांना अंड्यांचा वास येतो हो,” ती एकदा मला म्हणाली. “आणि खातो तोही तोंड वाकडं करून. भूक लागते म्हणून खाल्लं तर मला बरं तरी वाटेल!”

तिचं हे बोलणं तेव्हाच माझ्या डोक्यात शिरायला हवं होतं. नाही शिरलं. मी फक्त चिडत राहिलो. चिडायला मला फार काही लागत नाही, हे घरचे सांगतीलच.

यंदा त्याने पस्तिशीच्या वरच्यांसाठी असलेल्या स्पर्धेत नाव दिलं. मग तर विचारायलाच नको. शेवटच्या पंधरवड्यात शेंगदाणेही बंद, मीठ कमी, पाणी मोजून. गाल बसले, डोळे आत गेले, बोलणं तुटक झालं. मी म्हणालो, “स्पर्धा होईपर्यंत रजा घे.” तो म्हणाला, “रजेवर घरी बसून काय करू?” मी हात टेकले.

आणि नको ते झालं. दुपारचे साडेतीन. सळ्यांची जुडी सातव्या मजल्यावर उतरवत होतो. तिथे दोन फिटर ती धरायला उभे होते. मी म्हणत होतो, “खाली, खाली, खाली,” आणि जुडी डोक्याएवढ्या उंचीवर आली तशी मी गप्प झालो. हूक थांबला नाही. मी ओरडलो, “थांब! थांब!” जुडी आणखी हातभर खाली गेली, तिचं टोक परांचीवर टेकलं आणि फळी काडकन मोडली. दोघं फिटर मागच्या मागे उडी मारून भिंतीला चिकटले. मग कुठे ती थांबली. माझ्या कानाशी वॉकीत शिट्टी वाजत होती, दोनदा लांब, एकदा तोकडी.

कुणाला खरचटलंही नाही. काडी खाली उतरला तेव्हा त्याच्या शर्टाला काकडीची फोड चिकटली होती. नजर माझ्याकडे नव्हती.

“झाकण उघडत होतो,” तो म्हणाला. “तुम्ही अजून चार-पाच वेळा ‘खाली’ म्हणाल असं वाटलं.”

“वाटलं? तुला वाटायचं कामच काय होतं?”

मी खूप बोललो. चारचौघांत बोललो, बोलू नये तेही बोललो. मग मी ऑफिसात जाऊन घडलं तसं लिहून दिलं. मित्र असला तरी जिथे सळ्या माणसांच्या डोक्यावर लटकतात, तिथे मी कुणाचा नाही. साहेबांनी त्याला महिनाभर खाली उतरवलं. महिन्यानंतर कामावरच्या डॉक्टरीणबाईंनी सही केली तरच केबिन, नाहीतर कायमचं खाली, सिमेंटच्या गोण्या मोजत. क्रेन चालवण्याखेरीज त्याला दुसरं काही येत नाही आणि आवडतही नाही. हे मला ठाऊक होतं. सही झाली नाही तर त्याचं काय होईल या विचाराने मलाच झोप लागेना.

मधल्या काळात स्पर्धा होऊन गेली. मी गेलो होतो, रागारागात का होईना. अंगाला तेल चोपडून पाच जण उभे होते. आमचा चौथा आला. पाचव्याला पायात गोळा आल्यामुळे नीट उभंच राहता येत नव्हतं.

महिना संपला तशी मीच काडीला दवाखान्यात घेऊन गेलो. दवाखाना म्हणजे फाटकाजवळची पत्र्याची खोली, एक खाट, एक वजनकाटा. डॉक्टरीणबाई तरुण, पण बोलण्यात कसलाही आडपडदा नाही. त्यांनी त्याचं रक्त तपासलेलं होतं, खाण्याचा तक्ता समोर होता. तो त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला.

“साखर-भात सोडलात ते एक वेळ असू दे,” त्या म्हणाल्या. “पण हे सात वेळा कशासाठी?”

काडीने इंधनाची गोष्ट सांगितली.

“अहो, दंड काही अडीच तासांत वितळत नाहीत. दिवसभरात मिळून पोटात किती जातं आणि व्यायाम किती होतो, हे महत्त्वाचं. हेच सगळं तीन वेळांत विभागून खा, चार वेळांत खा, अंगाला फरक पडणार नाही. उलट अंडी-मांस खाल्लं की भूक उशिरा लागते. साडेदहाला भूक लागते तुम्हाला?”

“नाही.”

“मग का खाता?”

“वेळ झाली म्हणून.”

मला हसू आलं आणि संतापही. दोन वर्षं! वहिनीची पहाट, माझं डोकं, सातव्या मजल्यावरची ती फळी, आणि भूक नाही म्हणे!

डॉक्टरीणबाईंनी पेन हातात घेतलं. “सकाळी घरी खाऊन या. एक वाजता खाली उतरून जेवा. मग संध्याकाळी घरी. केबिनमध्ये डबा नाही, अलार्म नाही. कबूल असेल तर सही करते.”

मी त्याला कोपर मारलं. बाई पेन धरून बसल्या होत्या आणि हा बाबा कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे बघत होता.

“उद्या सांगतो,” म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला फाटकाबाहेर गाठलं आणि दंडाला धरून उभं केलं. “अक्कल गहाण ठेवलीस का? एका सहीवर खुर्ची परत मिळतेय! चार अंड्यांसाठी क्रेन सोडणार?”

तो क्रेनकडे बघत होता. वर बदलीचा माणूस होता, क्रेनचा आडवा हात हळूहळू फिरत होता.

“दादा, तीनदाच खायचं तर मग बाकीचा वेळ वर करू काय?”

“काय म्हणजे? काम कर!”

“काम तर हात करतात. हूक रिकामा असतो तेव्हा? दोन खेपांत कधी वीस-वीस मिनिटं जातात. वर कुणी नसतं. आठचा डबा झाला की साडेदहाच्या डब्याची वाट बघायची. तो झाला की एकच्या. असा दिवस सरतो. आधी नव्हतं असं. आधी आपण बोलायचो.”

मी त्याचा दंड सोडला.

खरं होतं ते. पहिली नऊ वर्षं हूक रिकामा असला की आमची वॉकीवर बडबड चालायची. वरून तो सांगायचा, शाळेच्या मैदानात पोरं भांडतायत, लाल गच्चीवरच्या आजीने आज पुन्हा गाद्या वाळत घातल्या, पश्चिमेकडून धूळ येतेय, टोपी सांभाळा. मी खालच्या माणसांची गाऱ्हाणी सांगायचो, कोण उशिरा आला, कोणी कुणाशी अबोला धरला. मग नवे साहेब आले आणि सूचना निघाली, वॉकी फक्त कामाच्या शब्दांसाठी. ती सूचना सगळीकडे मी चिकटवली. सिग्नलवाल्यांत मी सगळ्यात जुना, म्हणून साहेबांनी माझ्याकडे दिली. दुसऱ्या दिवशी काडीने वरून आजीबद्दल काहीतरी सांगायला सुरुवात केली तेव्हा मीच त्याला तोडलं, “कामाचं बोल.” त्याने पुन्हा कधी काही सांगितलं नाही. मला वाटलं, शहाणा आहे, लगेच समजला. व्यायामशाळेत गेला तो त्यानंतरच्याच महिन्यात.

दोन वर्षं मी त्याच्या अंड्यांना शिव्या दिल्या. कोचला दिल्या, अलार्मला दिल्या. आता कुणाला द्यायच्या ते समजेना.

“उद्या जाऊन सही घे,” मी म्हणालो. “बाकीचं मी बघतो.”

“तुम्ही काय बघणार?”

“सांगितलं ना, बघतो म्हणून! प्रत्येक गोष्टीला फाटे फोडू नकोस.”

त्याने सही घेतली. सोमवारी तो पुन्हा शिडी चढला. पहिल्या खेपेला हूक खाली आला, पण अडकवायला पिशवी नव्हती. नुसती पाण्याची बाटली होती, ती अडकवली. सकाळभर काम सुरळीत झालं. माझा आवाज थांबला की हूक थांबत होता, अगदी बोटभरही पुढे नाही. जिवात जीव आला.

साडेदहा वाजले. हूक रिकामा होता, काँक्रीटची गाडी यायला अवकाश होता. वॉकीवर शिट्टी वाजली नाही. काहीच वाजलं नाही. समोरच्या खांबावर मी चिकटवलेली सूचना होती, उन्हाने पिवळी पडलेली. मी वॉकीचं बटण दाबलं.

“वर काय दिसतंय?”

वॉकी खरखरला.

“दादा, सगळे ऐकतायत.”

“ऐकू दे.”

“साहेबांच्या टेबलावरही वॉकी असतो.”

“साहेबांशी मी बोलेन. हूक रिकामा आहे. तू सांग. आजीने गाद्या घातल्या का आज?”

मग त्याचा आवाज आला, हळू, कामाच्या आवाजाहून वेगळा.

“लाल गच्चीवर आता कुणी येत नाही, दादा. वर्ष झालं. दोरी तेवढी तशीच आहे.”

वर्षभर ही एवढी गोष्ट त्याच्यापाशी होती आणि सांगायला खाली कुणी नव्हतं.

“आणखी?” मी बटण दाबून म्हणालो. “आणखी काय दिसतंय?”

तो सांगायला लागला.