बिनमालकाचा रिबाउंड

जगात बेवारशी असं काही नसतंच, असं ठासून सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला: आमच्या म्हैसूरच्या शिवणकामाच्या दुकानातले कटिंग मास्तर. रस्त्यात सापडलेलं बटण डब्यात टाकून मोकळं होणं त्यांना पाप वाटे. ते कुणाच्या शर्टाचं, याचा तपास लागलाच पाहिजे. एकदा एका तपकिरी बटणापायी ते हूटगळ्ळीच्या बसमध्ये शेवटच्या स्टॉपपर्यंत गेले आणि एका गृहस्थाच्या पोटावरच ते बटण शिवून आले. गृहस्थांना अंगातला शर्ट काढायची सवडही दिली नाही. फोनवर राँग नंबर आला तर खाली ठेवत नसत. "हवा तो माणूस सापडेपर्यंत माझ्याशी बोला की," म्हणत. आणि रिकामी खुर्ची ओढायच्या आधी हलकेच म्हणत, "जरा सरकता का?" मी एकदा विचारलं, कुणाला म्हणता? तर म्हणाले, "बसलेल्याला."

असं काही त्यांनी सहज म्हटलं की दुकानातलं मशीन क्षणभर थांबायचं. मग अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "सुम्ने, गुपचूप कापा हो मास्तर," आणि सगळे हसायचे. पण ती खुर्ची मग दिवसभर कुणी घेत नसे.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिली मी. स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. झाले, हे मी कुणालाही दोन मिनिटांत सांगते, लाजत नाही. व्यावसायिक लीगमध्ये खेळणाऱ्या आमच्या शहराच्या बास्केटबॉल संघाची आकडेवारी ठेवायचं काम मला मिळालं, आणि त्यांच्या जर्सी शिवायचं काम अप्पांना. कुणाची शिवण उसवली तर जागच्या जागी घालायला म्हणून मास्तर सुईदोरा, कात्री घेऊन माझ्या मागच्या खुर्चीत बसू लागले. समोर माझा लॅपटॉप: कुणी किती गुण केले, किती शॉट चुकवले, चुकून उसळलेले किती बॉल, म्हणजे रिबाउंड, धरले, किती फाउल केले. मागे मास्तर मान खाली घालून. मला वाटे, झोपलेत.

झोपले नव्हते. बारा खेळाडूंच्या खाकी कागदाच्या बारा पट्ट्या पत्त्यांसारख्या हातात धरून ते कडेला खाचा पाडत होते. शिंपी कापडाला खूण म्हणून कात्रीच्या टोकाने बारीक खाच पाडतो, तशी. वरच्या कडेला गुण, उजवीकडे रिबाउंड, खाली फाउल. सामना संपल्यावर मी गंमत म्हणून ताडून पाहिलं आणि गार झाले. एकाही खाचेत चूक नव्हती.

"कसं कळतं हो?"

"जर्सी मी शिवल्यात ना, पुट्टी. कुणाचं कापड काखेत घासतं, कुणाचं मांडीवर, मला ठाऊक. समोरच्या टीमचं माप माझ्याकडे नाही, त्यांचं मला विचारू नको." पुट्टी म्हणजे कानडीत छोटी; मला ते अजून तशीच हाक मारत.

भांडण फक्त एका रकान्यावरून व्हायचं. चुकलेला शॉट कुणाच्याच हाती न लागता बाहेर गेला, तर तो रिबाउंड कुणा खेळाडूच्या नावे लागत नाही. तो संघाच्या नावे जातो. त्याला टीम रिबाउंड म्हणतात. मास्तरांना ते मुळीच पटेना. "कुणाचा तरी हात लागल्याबिगर बॉल वळतो होय? डिग्री घेऊन एवढं पण कळेना?" त्यांनी त्यासाठी तेरावी पट्टी केली. आणि पट्टी आहे तर अंगावर काही नको का, म्हणून तेरावी जर्सीही शिवली. नाव नाही, नंबर नाही.

ती जर्सीच त्यांच्या मुळावर उठली. अप्पांनी मला बोलावून ती टेबलावर पसरली. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली होता. "नोड, हे बघ, असलं मास्तरांच्या हातून कधी झालं नव्हतं. डोळे गेले असतील त्यांचे. बोलत नाहीत. गिऱ्हाइकाचा सूट बिघडायच्या आत मला त्यांना टेबलावरून उठवावं लागेल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू शिकलेली. मागेच बसतात ना तुझ्या? त्यांना दिसतं की नाही, तूच बघून सांग."

पुढचा सामना रविवारी दुपारी होता. चित्रीकरणासाठी हॉलचे सगळे पडदे ओढलेले. आमच्या खेळाडूने शॉट मारला, बॉल हवेत असतानाच वीज गेली. बॅटरी गेलेला माझा जुना लॅपटॉपही विझला. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. सगळे जागच्या जागी थिजले. बॉल रिंगवर आपटल्याचं ऐकू आलं. मग जमिनीवर एक टप्पा. दुसरा टप्पा. तिसरा पडलाच नाही.

माझ्या मागे कात्री वाजली. कच्च.

"का गं पुट्टी," मास्तरांनी शांतपणे विचारलं, "सगळे गप्प का झाले?"

"मास्तर, करंट गेलाय."

त्यांच्या बोटांनी माझं मनगट चाचपडत शोधलं. "अप्पाला सांगणार?"

तेवढ्यात दिवे आले. बॉल मैदानाच्या बरोबर मध्ये उभा होता, निश्चल. सगळ्यात जवळचा खेळाडू दहा पावलांवर होता. मास्तरांच्या मांडीवर तेराव्या पट्टीला ताजी खाच होती.

सोमवारी दुकानात मास्तर टेबलावर वाकून कापत असताना मी त्यांच्या गळ्यातली टेप काढली आणि म्हटलं, "उभे राहा, तुमचं माप घ्यायचंय." ते निमूट उभे राहिले. चाळीस वर्षं एका अंगावर वाकून माणसाचं काय होतं ते तेव्हा मी पाहिलं. मी जर्सी त्यांच्या पाठीला लावून धरली. सुताचाही फरक नव्हता.

"चुकलेली नाही, अप्पा. मापाला बरोबर आहे."

"कुणाच्या मापाला?"

"मास्तरांच्या."

अप्पांनी मास्तरांच्या डाव्या खांद्याकडे पाहिलं. जन्मभर शेजारी उभं राहून त्यांनाही तो कधी दिसला नव्हता. "आणि डोळे?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"त्यांचा एकही आकडा चुकत नाही," मी म्हटलं. खोटं बोलले नाही. विचारलं त्याचं उत्तरही दिलं नाही. अप्पा समजले की नाही, देव जाणे. त्यांनी जर्सीची घडी घातली आणि कात्री मास्तरांच्या हातात दिली. पाती स्वतःकडे, मूठ मास्तरांकडे.

त्यानंतर दोन वर्षं मास्तर बोटांनी कापत राहिले. एकाही सूटची तक्रार आली नाही. गेल्या श्रावणात जेवणानंतर टेबलाला टेकून जरा बसतो म्हणाले, ते बसलेलेच राहिले.

आता माझ्या मागची खुर्ची रिकामी असते. तिच्या पाठीवर मी ती जर्सी घालते आणि खुर्चीच्या खिळ्याला दर सामन्याला एक कोरी तेरावी पट्टी अडकवते. टीम रिबाउंड झाला की लॅपटॉपवर नोंदवते आणि मागे हात नेऊन कात्रीने स्वतःच एक खाच पाडते. वेडेपणा आहे, कबूल.

मागच्या सामन्यात माझ्या पत्रकात सात टीम रिबाउंड होते. घरी येऊन पट्टी पाहिली तर आठ. म्हटलं, हात चुकला असेल. पण चुकलेले शॉट आणि रिबाउंड यांचा मेळ बसला पाहिजे, असा आमच्या कामाचा नियम. तो बसेना, नेमका एक रिबाउंड कमी पडत होता. शेवटी चित्रफीत लावली. तिसऱ्या सत्रात मी मान खाली घालून फाउल नोंदवत होते, तेव्हा बॉल रिंगवर आपटला, हवेतच जरासा वळला आणि रेषेबाहेर गेला. आसपास कुणी नव्हतं.

मी पत्रक दुरुस्त केलं. टीम, आठ. पट्टी बोटांनी पुन्हा एकदा चाचपली. सात खाचा माझ्या, वाकड्यातिकड्या, घाईच्या. आठवी नेमकी होती, सफाईदार. आणि डाव्या बाजूला किंचित उतरती.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये मी खुर्ची नीट लावायला गेले. हात लावायच्या आधी हलकेच म्हटलं, "जरा सरकता का, मास्तर?"